कानाचं मशीन पुरेल की कॉक्लिअर इम्प्लांट करायचं? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी पायरी-पायरीने

आमच्या घरात दोन्ही निकाल लागलेत. नेरुळच्या काकांना कॉक्लिअर बसलं, ठाण्यात आईचं मशीनवरच छान चाललंय, आणि गंमत म्हणजे दोघांचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) शेजारी ठेवले तर रेषा एकमेकींपासून फार लांब नाहीत. त्यामुळे सोसायटीत कोणी विचारलं की "अगं बाबांना अजिबात ऐकू येत नाही, नवीन मशीन घेऊ की ते ऑपरेशन करू?" तर मी आधी डेसिबल विचारत नाही. मी विचारते, मशीन कानात घालून, समोरच्याच्या ओठांकडे न बघता, शंभरातले किती शब्द कळतात? हा आकडा बहुतेकांकडे नसतोच. रिपोर्टची जाडजूड फाईल असते, तीन-चार ऑडिओग्राम असतात, दुकानाची बिलं असतात, पण हा आकडा कोणी काढलेलाच नसतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हा आकडा खरा मिळवायचा कसा आणि मग त्याचं करायचं काय, एवढ्यासाठीच आहेत.

मी डॉक्टर नाही. घरच्या दोन माणसांसोबत हे सगळं केलंय आणि भरपूर प्रश्न विचारून डोकं खाल्लंय, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

दोन्ही गोष्टी नेमकं काय करतात

कानाचं मशीन, म्हणजे हिअरिंग एड, आवाज मोठा करतं. बास. डिजिटल असलं, ब्लूटूथ असलं, एआय म्हणून विकलं तरी शेवटी मोठा केलेला आवाज कानातच सोडला जातो आणि पुढचं काम तुमच्या आतल्या कानाने करायचं असतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, कॉक्लिआ, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात ज्या आवाजाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करून नसेला देतात. या पेशी बऱ्यापैकी शिल्लक असतील तर मशीन उत्तम चालतं. त्याच मेल्या असतील तर आवाज कितीही वाढवा, माणूस म्हणतो "आवाज येतो रे, पण काय बोलतोस ते कळत नाही, ओरडू नकोस." हे वाक्य घरात वारंवार ऐकू यायला लागलं की कान टवकारायचे.

कॉक्लिअर इम्प्लांट या मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला सिग्नल देतं. कानामागे प्रोसेसर बसतो, त्याची वायर एका गोल चकतीला म्हणजे कॉइलला जाते, कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटते, कातडीखाली रिसिव्हर असतो आणि त्याची बारीक तार त्या शंखात सरकवलेली असते. तारेवर इलेक्ट्रोड (नसेला वीज देणारे बारीक ठिपके) असतात, मेड-एल कंपनीच्या तारेवर १२, ॲडव्हान्स्ड बायोनिक्सच्या १६, कॉक्लिअर कंपनीच्या २२. आता निरोगी कानात या कामाच्या आतल्या रांगेतल्या पेशीच साधारण साडेतीन हजार असतात, तिथे २२ म्हणजे किती ढोबळ काम झालं बघा. हार्मोनियमवर पट्ट्या ठरलेल्या, दोन पट्ट्यांमधली मींड निघत नाही, तसंच इथे. बोलणं समजायला तेवढं पुरतं, मेंदू बाकीचं भरून काढायला शिकतो, पण संगीत मात्र बहुतेकांना पहिल्यासारखं लागत नाही. काका गडकरी रंगायतनला गद्य नाटक आवडीने बघतात, नाट्यसंगीत लावलं की प्रोसेसर काढून ठेवतात. हे आधी कळलेलं बरं असतं.

म्हणून "कॉक्लिअर जास्त चांगलं का?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. ज्याचा कान मशीनवर सत्तर टक्क्यांच्या पुढे शब्द पकडतो त्याला कॉक्लिअर लावणं म्हणजे असलेलं घालवणं, आणि ज्याला मशीनवर वीस टक्के कळतात त्याला आणखी महागडं मशीन विकणं म्हणजे निव्वळ फसवणूक.

पायरी १: आधी ईएनटी, मग दुकान

आपल्याकडे उलटं होतं. नौपाड्यात, घोडबंदरला, वाशीत कानाच्या मशीनचं सेंटर शोधावं लागत नाही, "फ्री हिअरिंग टेस्ट" चा बोर्ड दिसतो आणि माणूस आत जातो. आधी ईएनटी डॉक्टरला कान दाखवा. मळ असेल, पडद्याला भोक असेल, मधल्या कानात पाणी असेल, ओटोस्क्लेरोसिस म्हणजे मधल्या कानातलं छोटं हाड आखडलेलं असेल, तर हा कंडक्टिव्ह प्रकार, यात औषधाने किंवा वेगळ्या छोट्या ऑपरेशनने फरक पडू शकतो आणि कॉक्लिअरचा विषय बहुतेक वेळा येतच नाही. नस किंवा आतल्या पेशींचा दोष असेल तर तो सेन्सरीन्यूरल, आपला विषय हा.

एक मात्र लक्षात ठेवाच. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकू येणं गेलं तर ती इमर्जन्सी आहे, "सर्दीने दडा बसला असेल" म्हणत आठवडा घालवू नका. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर आशा फार कमी होते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे.

पायरी २: रिपोर्ट स्वतः वाचायला शिका

ऑडिओग्राम अवघड नाही. आडव्या रेषेवर २५० पासून ८००० हर्ट्झ, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर डेसिबल, जितकं खाली तितकं कमी ऐकू येतं. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. मधल्या फ्रिक्वेन्सींची सरासरी म्हणजे पीटीए. ७० च्या पुढे गेलं की सिव्हिअर, ९० च्या पुढे प्रोफाउंड म्हणतात. हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही टेस्टच्या रेषांमध्ये मोठं अंतर असेल तर मधल्या कानाचा भाग आहे, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

पण खरी मेख पुढच्या पानावर असते, स्पीच टेस्ट, रिपोर्टवर एसडीएस किंवा डब्ल्यूआरएस लिहिलेलं असतं. यात आवाज नीट ऐकू येईल इतका मोठा करून एकेक शब्द म्हणतात आणि तुम्ही तो परत म्हणायचा. आईची टेस्ट मी काचेबाहेर बसून बघितलीय. "साप" म्हटलं की ती "ताप" म्हणायची, "काच" ला "आच", पण "माळ", "नळ", "गाव" एकदम बरोबर. कारण स, श, त, क, फ हे आवाज बारीक फ्रिक्वेन्सीचे आणि हळू असतात, तेच आधी जातात, म, न, ल, आ, ऊ टिकून राहतात. तिचे पंचवीसातले बरेच शब्द असे अर्धे पकडलेले होते. काकांचं वेगळंच, ते "माळ" ला पण नुसती मान हलवायचे.

दोन गोष्टींचा आग्रह धरा. टेस्ट मराठीत व्हायला हवी. जन्मभर मराठी बोललेल्या माणसाला इंग्लिश शब्द देऊन मार्क कमी आले तर ते कानाचे मार्क नाहीतच. आणि प्रत्येक कानाची वेगळी टेस्ट. जिथे स्पीच टेस्ट करतच नाहीत तिथला रिपोर्ट या निर्णयासाठी अर्धवट आहे, परत करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, वाक् आणि श्रवण याचंच काम करते, तिथे हे व्यवस्थित होतं. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्न पकडायची, नेरुळ-वाशीकडून वडाळ्याला गाडी बदलली की हार्बरनेच वांद्रे. म्हाताऱ्या माणसाला सकाळच्या गर्दीत नेऊ नका, दमलेला माणूस टेस्टमध्ये पण कमीच ऐकतो.

पायरी ३: आहे ते मशीन खरंच नीट लागलंय का?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. "मशीनचा उपयोग होत नाही" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं मशीनच नीट सेट केलेलं नसतं, आणि अशा मशीनवर काढलेल्या आकड्यावरून ऑपरेशन ठरवणं म्हणजे आधीच चुकीच्या जागी मोजपट्टी लावणं झालं.

आईचं पहिलं मशीन ज्या सेंटरमधून घेतलं (नाव नको) तिथे ऑडिओग्राम कॉम्प्युटरमध्ये टाकला, कंपनीचं सॉफ्टवेअर जे देतं ते सेटिंग भरलं, "आवाज येतोय ना काकू?" आणि झालं. याला फर्स्ट फिट म्हणतात. तो अंदाज असतो. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, त्यामुळे पडद्याजवळ खरा आवाज किती पोचतोय ते मोजावं लागतं. त्या टेस्टचं नाव रिअल इअर मेझरमेंट. कानात मशीनसोबत एक बारीक रबरी नळी घालतात, स्पीकरवर बोलणं लावतात आणि पडद्यावर रेषा दिसते, किती हवं आणि किती मिळतंय. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे हे केलं तेव्हा दिसलं की बारीक फ्रिक्वेन्सीचा आवाज आईला हवा त्याच्या खूपच खाली पोचत होता. वर तिचा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा तो साचा, सैल झाला होता, म्हणून शिट्टी वाजायची, म्हणून त्या सेंटरवाल्याने शिट्टी थांबवायला आवाज आणखी कमी केलेला. नवीन मोल्ड, नवीन सेटिंग, मशीन तेच जुनं. काही आठवड्यांत "ताप" चा परत "साप" झाला. तिच्यासाठी कॉक्लिअरची चर्चा तिथेच संपली.

तर बघायचं काय काय: रिअल इअर केलंय का, कागद मागा. मशीनची ताकद तुमच्या लॉसला पुरेशी आहे का, नाजूक दिसणारं कानाच्या आत लपणारं छोटं मशीन सिव्हिअर लॉसला चालत नाही, तिथे कानामागचं पॉवर मशीन आणि घट्ट मोल्डच लागतो, कितीही म्हातारपणी दिसायची लाज वाटली तरी. दोन्ही कानांना लावलंय का. आणि दिवसाला किती तास घातलं जातं, याचं उत्तर घरच्यांना विचारू नका, मशीनच्या आत डेटा लॉग असतो तो ऑडिओलॉजिस्टला काढायला सांगा. "दिवसभर घालतात हो" आणि लॉगमध्ये सरासरी दोन तास, असं सर्रास असतं. किमान एक-दोन महिने रोज आठ-दहा तास घातल्याशिवाय मशीन फेल म्हणू नका.

पावसाळ्याचं वेगळं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या हवेत मशीनमध्ये दमटपणा शिरतोच. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, मळाची जाळी बदलायची, आणि बॅटरीवाल्या मशीनमध्ये सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची मग दार बंद करायचं (पॉवर मशीनला बहुतेक निळ्या स्टिकरचा ६७५ नंबर लागतो). या फालतू वाटणाऱ्या कारणांनी मशीन अर्ध्या आवाजात चालत असतं आणि दोष कानाला जातो.

घरी रोज सकाळी एक छोटी तपासणी करा. पाठीमागे तीन-चार फुटांवर उभं राहून आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज म्हणा, साध्या बोलायच्या आवाजात, क्रम बदलत. लिंग टेस्ट म्हणतात याला. काल सहाही येत होते आणि आज "स" गेला, तर आधी सेल आणि मोल्ड बघा.

पायरी ४: आता तो आकडा काढा

मशीन नीट लागलं, माणसाला सवय झाली, मग एडेड स्पीच टेस्ट. बूथमध्ये बसवतात, मशीन घालून, समोरून साधारण ६० ते ६५ डेसिबलवर म्हणजे नॉर्मल बोलण्याच्या पातळीवर शब्द आणि वाक्यं, ओठ दिसत नाहीत. उजवा वेगळा, डावा वेगळा, मग दोन्ही मिळून. जमलं तर मागे गोंगाट लावून पण, कारण शांत खोलीत ऐकणं आणि संध्याकाळी तलावपाळीवर बाकावर बसून ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकड्याचं काय करायचं? जगात ऑडिओलॉजिस्ट लोक एक सोपा नियम वापरतात, ६०/६०. चांगल्या कानाचा पीटीए ६० डेसिबल किंवा जास्त, आणि त्याच कानाची मशीनशिवायची शब्दांची टेस्ट (पायरी २ मधली) ६० टक्के किंवा कमी, तर कॉक्लिअरच्या तपासणीसाठी पाठवा. पाठवा, ऑपरेशन करा असं नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासूनचा निकष असा की दोन्ही कानांत दोन किंवा जास्त फ्रिक्वेन्सीला ८० डेसिबल किंवा जास्त लॉस आणि मोठ्या माणसाचा मशीन घालून शब्दांच्या टेस्टमधला सुट्या ध्वनींचा स्कोअर ५० टक्क्यांच्या खाली. अमेरिकेत मेडिकेअरने (तिथला सरकारी आरोग्य विमा) २०२२ मध्ये मशीन घालून वाक्यांच्या टेस्टची मर्यादा ४० वरून ६० टक्के केली. म्हणजे पूर्वी पार ठार बहिऱ्या माणसालाच कॉक्लिअर असं जे होतं ते बदललंय, आणि आपल्याकडे अजून कितीतरी लोक जुन्याच समजुतीत वर्षं काढतात.

माझा स्वतःचा हिशोब असा. मशीनवर ७० च्या पुढे शब्द येत असतील तर कॉक्लिअर विसरा, गोंगाटासाठी रिमोट माईक (बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, आवाज थेट मशीनला पाठवणारा) वगैरे घ्या. ५० च्या खाली असेल तर तपासणीला जाच, निर्णय नंतर. मधल्यांनी घाई करू नये, पण दर सहा महिन्यांनी टेस्ट करून घसरण बघत राहावी. काकांचा चांगल्या कानाचा आकडा वीसच्या आसपास होता, उत्तम पॉवर मशीन, रिअल इअर, सगळं करून. त्यांना कोणी काय समजवायचं राहिलंच नव्हतं.

पायरी ५: कॉक्लिअरची तपासणी

कानाच्या हाडाचा एचआरसीटी म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन आणि आतल्या कानाचा एमआरआय करतात. ऐकण्याची नस आहे का, ती बारीक आहे का, शंखात तार सरकायला जागा आहे का हे त्यात दिसतं. नसच नसेल तर कॉक्लिअरचा उपयोग नाही. मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) होऊन ऐकू येणं गेलं असेल तर थांबू नका, शंखात हाड भरायला लागतं आणि काही आठवड्यांत तार घालणं अवघड होतं. हा एक प्रकार असा की इथे मशीनची ट्रायल वगैरे म्हणत बसायचं नसतं.

मग किती वर्षं तो कान बंद आहे हा प्रश्न. पंचवीस-तीस वर्षं काहीच न ऐकलेल्या कानाला निकाल कमी मिळतो, कारण मेंदूची सवय मोडलेली असते. उलट बोलायला शिकल्यावर ऐकू येणं गेलेलं, मशीन वापरत राहिलेला माणूस, याला चांगला फायदा होतो. वय स्वतःहून आड येत नाही, सत्तरी-ऐंशीतही करतात, भूल झेपेल का ते फिजिशियन बघतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. न्यूमोकोकलची लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायची असते, ती विसरू नका.

कोणत्या कानात करायचं यावर टीमशी नीट बोला. बऱ्याचदा वाईट कानात कॉक्लिअर आणि चांगल्या कानात मशीन चालू, याला बायमोडल म्हणतात, आणि मला तरी हा मार्ग शहाणपणाचा वाटतो, मशीनवाल्या कानातून जाड आवाज, सूर, बोलण्याचा चढ-उतार मिळत राहतो. एकच कान गेलेला असेल आणि दुसरा नॉर्मल, तर क्रॉस मशीन (गेलेल्या कानाकडचा आवाज चांगल्या कानात पाठवणारं) किंवा हाडातून आवाज देणारं उपकरण हे पर्याय आधी वापरून बघा.

पायरी ६: ऑपरेशननंतरचं वर्ष डोळ्यांसमोर आणा

ऑपरेशन दोन-तीन तासांचं, एक-दोन दिवस हॉस्पिटल. धोके कमी आहेत पण आहेत: चक्कर, जिभेची चव काही काळ बदलणं, कानात आवाज येणं, इन्फेक्शन, क्वचित चेहऱ्याच्या नसेला इजा, क्वचित उपकरण बंद पडून परत ऑपरेशन. त्या कानात जे काही थोडंफार नैसर्गिक ऐकू येत होतं ते जाऊ शकतं, परतीची वाट नाही हे समजून सही करा. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर आतल्या चुंबकामुळे आधी इम्प्लांटचं मॉडेल दाखवावं लागतं, नव्या मॉडेलना चालतो, जुन्यांना अटी असतात. कार्ड कायम पाकिटात.

आणि टाके काढले की ऐकू यायला लागतं असं नाही. दोन ते चार आठवड्यांनी स्विच ऑन करतात. त्या दिवशी घरचे सगळे मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला उभे असतात, नेटवर बघितलेलं असतं ना, माणूस रडतो वगैरे. काकांनी काकूंचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "हे कार्टून कोण बोलतंय?" काकू नाराज. पण बोलायला शिकल्यानंतर ऐकू येणं गेलेल्या बहुतेकांना सुरुवातीला असंच येतं, पिपाणी, रोबोट, टिकटिक. मग मॅपिंगची सेशन, प्रत्येक इलेक्ट्रोडचा करंट हळूहळू जुळवत जातात, पहिल्या काही महिन्यांत वारंवार जावं लागतं. सोबत घरी सराव. काकू रोज सकाळी पेपरमधली बातमी मोठ्याने वाचायच्या, काका तीच बातमी दुसऱ्या प्रतीत बोटाने पुढे सरकवत जायचे, बोट चुकलं की काकू थांबायच्या, मागच्या वाक्यापासून परत. पुढे दुसरी प्रत बंद, नुसतं ऐकायचं, मग फोनवर. तीन ते सहा महिन्यांत मोठा फरक, वर्षभर सुधारत राहतं. आता ते गॅसवाल्याशी फोनवर स्वतः भांडतात. ठाणे स्टेशनची अनाउन्समेंट मात्र अजून कळत नाही, पण ती आपल्याला तरी कुठे कळते.

सरावाला वेळ देणारं माणूस घरात नसेल तर निकाल अर्धा येतो. हे मी पैशांच्याही वर ठेवीन.

पायरी ७: पैसे

मशीनची जोडी साधारण वीस-पंचवीस हजारांपासून काही लाखांपर्यंत, पाच-सहा वर्षांनी नवीन. कॉक्लिअर एका कानाचं ऑपरेशन धरून साधारण सहा-सात लाखांपासून चौदा-पंधरा लाखांपर्यंत, मॉडेल आणि हॉस्पिटलप्रमाणे. पण तिथे थांबत नाही. कॉइल, केबल, बॅटऱ्या हे खराब होतात, वॉरंटी संपल्यावर प्रत्येकाचे हजारो रुपये, आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर जुना झाला, कंपनीने पार्ट बंद केले की नवा घ्यायला परत काही लाख. म्हणून कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी मागा: आतल्या भागाची आणि बाहेरच्या भागाची वॉरंटी वेगवेगळी किती वर्षं, कॉइल-केबल-बॅटरीची आजची किंमत, आणि मुंबई-ठाण्यात सर्व्हिस सेंटर कुठे. प्रोसेसर दुरुस्तीला गेला तर बदली देतात का हेही, कारण त्या काळात त्या कानाने काहीच ऐकू येत नाही.

मेडिक्लेममध्ये मशीन बहुतेक वेळा बसत नाही, कॉक्लिअरबद्दल पॉलिसीप्रमाणे बदलतं, एजंटच्या तोंडी हो वर जाऊ नका, कंपनीकडून मेलवर उत्तर घ्या. केंद्र सरकारी पेन्शनर असाल तर सीजीएचएसमध्ये (केंद्राची आरोग्य योजना) विचारा. दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढे लॉस असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात श्रवणदोष धरला जातो, ७० च्या पुढे कर्णबधिर. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलं तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये वजावट मिळते. मोठ्यांसाठी मदत कमीच, योजना बहुतेक मुलांच्या आहेत.

घरात लहान बाळ असेल तर

वरचा सगळा निवांतपणा विसरा. बाळाचं स्क्रीनिंग पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, मशीन सहाव्या महिन्यापर्यंत, हा जगभरचा ठोकताळा आहे. बेरा टेस्टमध्ये (आवाजाला नस प्रतिसाद देते का ते यंत्राने बघतात) खूप जास्त लॉस निघाला आणि काही महिने चांगलं मशीन लावूनही बाळ आवाजाकडे वळत नसेल तर कॉक्लिअर लवकर, वर्षाच्या आसपास. अमेरिकेत २०२० पासून ९ महिन्यांच्या बाळालाही मान्यता आहे. भाषा शिकायची वर्षं परत येत नाहीत, "आमच्याकडे सगळी मुलं उशिराच बोलतात" म्हणणाऱ्या आजीला प्रेमाने गप्प करा. केंद्राच्या एडीआयपी (दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या) योजनेतून मुलांना कॉक्लिअर मिळतं, उत्पन्नाची अट असते, काम बघणारी नोडल संस्था तीच वांद्र्याची अली यावर जंग. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीच्या यादीत २ ते ६ वर्षांच्या मुलांचं कॉक्लिअर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते, सिव्हिल हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. ऑपरेशननंतरची थेरपी वर्षानुवर्षं चालते, जवळ थेरपिस्ट कोण आहे हे आधी शोधा, ऑपरेशनची तारीख नंतर.

पहिल्या कॉक्लिअर अपॉइंटमेंटला काय न्यायचं

जुने सगळे ऑडिओग्राम तारखेप्रमाणे लावून, घसरण किती वेगाने झाली ते त्यावरून दिसतं. चालू मशीन आणि मोल्ड, नवे सेल किंवा चार्जर. रिअल इअरचा आणि एडेड स्पीचचा कागद. औषधांची यादी. एका कागदावर माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं की त्याला नेमकं काय ऐकायचंय: नातीचा फोन, डॉक्टरांचं बोलणं, भजन, जे असेल ते. काकांनी लिहिलं होतं "माणसांत बसता यावं". सर्जनने ते वाचून सांगितलं, हे जमेल, आणि खाली भजन लिहिलं होतं त्यावर पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. कागदावरचं उत्तर म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, मुलांनी परस्पर नाही, आणि बोलताना डॉक्टरांना मास्क खाली घ्यायला सांगा, नाहीतर ज्याच्यासाठी गेलो त्यालाच खोलीत काही कळत नाही.